परसातली हिरवळ

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो, आणि त्याच वाटेवर शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावी झाला. तिथल्या एका परसाची हकीकत आज सांगावयाची आहे.

परस आपल्याकडे असते तसेच. विहीर, धुण्याचा दगड, सांडपाण्यावर पोसलेल्या केळी. पण विहिरीपलीकडे आता पंधरा फूट लांब नि आठ फूट रुंद अशी कृत्रिम गवताची हिरवळ आहे. घरची तेरा वर्षांची नात तिथे गोल्फचा सराव करते. तिचे वडील खारघरच्या गोल्फ मैदानावर गवताची निगा राखतात. हे वेड तिथूनच घरात आले.

तुम्ही म्हणाल, गोल्फला तर मैलभर रान लागते, परसात तो कसा खेळणार? ते असे. चेंडू खळग्याजवळ आला की तो हलकेच ढकलून आत घालायचा असतो. याला ‘पटिंग’ म्हणतात. अठरा खळग्यांच्या मैदानाचा हिशेब बहुधा ७२ टोल्यांचा; त्यातले ३६, म्हणजे खळग्यामागे दोन, या ढकलण्याचे. निम्मा खेळ इथेच! खळगा मात्र सव्वाचार इंच रुंद, आणि चेंडू ४३ मिलिमीटरच्या किंचित आतला. जमीन नखभर उंचसखल असली तरी तो वाट सोडतो.

पहिल्या खेपेस नेमके हेच नडले. वैशाखात बापाने जमीन फावड्याने वरवर सारखी केली आणि गवत अंथरले. गालिचाच जणू! पण मृगाचा पाऊस कोसळला नि मधोमध डबके साचले. माती खचली, सांधे उकलले. चेंडू कुठूनही सोडा, तो घरंगळत विहिरीच्या कोपऱ्यात. पैसे गेले, पोर हिरमुसली. आजोबा निवृत्त शिक्षक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. ते मुलाला एवढेच म्हणाले, “अरे, खळं करताना आपण आधी सारवतो, की आधी चोपतो?”

दिवाळीनंतर काम पुन्हा काढले, ते गुरुजींच्या देखरेखीखाली.

प्रथम पाच इंच माती उकरून काढली. तळाला उतार दिला, शंभराला एक, म्हणजे पंधरा फुटांत पावणेदोन इंचांहून थोडा जास्त. उतार विहिरीकडे नाही बरं का, केळींकडे! तळावर पाणी झिरपू देणारे जाड कापड घातले, म्हणजे खालची माती खडीत मिसळत नाही. त्यावर बारीक खडीचे थर. एकेक थर पाणी शिंपडून धुमसाने चोपला, मगच पुढचा. सगळ्यात वर इंचभर दगडाची भुकटी, तीही फळी ओढून सारखी केली. खळग्याचा डबा याच वेळी बसवला; त्याच्या तळाला भोक आणि खाली खडी, म्हणजे पाणी तुंबत नाही.

गवत अंथरण्याआधी गुरुजींनी दोन परीक्षा घेतल्या. घागरभर पाणी ओतून ते कुठे थबकते ते पाहिले. मग उघड्या भुकटीवरच नातीला चेंडू सोडायला लावला. जिथे अडला तिथे पुन्हा चोपले. मग गवत. आखूड केसांचे नि दाट, तळाला भोके असलेले. ते काही वेळ उन्हात पसरून त्याची गुंडाळी मोडली, उलट्या बाजूने कापले, कडा खिळ्यांनी पक्क्या केल्या. शेवटी कोरडी बारीक वाळू झाडूने केसांत मुरवली. त्याने केस उभे राहतात आणि चेंडू सारखा धावतो. खाडीची खारी वाळू त्यांनी घेतली नाही.

हे गवत तसे फार जुने नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे छपराखालच्या मैदानात खरे गवत जगेना, तेव्हा १९६६ साली ते तिथे घातले गेले. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच अशा मैदानावर झाली, आणि खऱ्या गवतावर वाढलेला आपला संघ सातवा आला. पायाखालची जमीन बदलली की खेळही नव्याने शिकावा लागतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे गवत प्लास्टिकचे. चैत्र-वैशाखाच्या दुपारी ते इतके तापते की अनवाणी पाऊल ठेववत नाही. पाणी शिंपडले तर घटकाभर निवते. काही वर्षांनी ते झिजते आणि मग टाकायचे कुठे हा प्रश्न उरतो. त्याखाली ना गांडूळ ना दूर्वा. म्हणून सरसकट अंगणे झाकू नयेत. या घरच्या आजीने तर पहिल्याच दिवशी बजावले होते, “परसात काय ते करा. पुढचं खळं शेणाचंच राहील. माझं वाळवण का प्लास्टिकवर घालू?” ते तसेच राहिले आहे.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. शाळेचे मैदान दुरुस्त करायला काढाल तेव्हा मुलांच्या हाती दोरी आणि पाणसळ द्या. शंभराला एक म्हणजे काय, हे फळ्यापेक्षा तिथे लवकर कळेल.

यंदाच्या पावसात मी मुद्दाम तिथे गेलो होतो. सर थांबून पाव तास झाला असेल. केळींच्या बुडाशी पाणी खळखळत होते, हिरवळीवर मात्र डबके नव्हते. पोरीने सहा फुटांवरून दहा चेंडू सोडले, सात आत गेले. ओटीवरून गुरुजी म्हणाले, “बाय, वहीत सातच लिही हो, आठ नको.”