पाणी कोणी तोडले?



आभाराचे चार शब्द बोलून, नारळी-पोफळींची स्तुती करून आणि कान्होजी आंग्र्यांच्या समाधीस वंदन करून मी खाली बसावे अशी आपली अपेक्षा असेल, तर ती मी पुरी करणार नाही. वंदन मी सकाळीच करून आलो. आता मला फिर्याद मांडायची आहे, आणि ती आपणां ऐतिहासिक कादंबरीकारांविरुद्ध आहे. त्यांत मीही आलोच.

ज्या किनाऱ्यावर हा मंडप उभा आहे, त्याच किनाऱ्यावर एका घराचे दोन तुकडे झाले, आणि त्या फुटीवर आपण आजवर प्रामाणिकपणे लिहिलेले नाही. 1729 साली कान्होजी निवर्तले. त्यांचा थोरला मुलगा सेखोजी होता तोवर दौलत एका हाती राहिली. 1733 साली तोही गेला, आणि संभाजी व मानाजी या भावांत जो कलह पेटला त्यात येसाजी या त्यांच्या भावाचे डोळे मानाजीने काढविले, असे ग्रँट डफ नमूद करतो. 1735 साली पहिल्या बाजीरावाने मध्यस्थी करून मानाजीस कुलाबा व 'वजारतमाब' हा किताब, आणि संभाजीस दक्षिणेकडील मुलूख व 'सरखेल' हे पद, अशी वाटणी करून दिली. परंतु ज्या आरमाराचा दरारा एका निशाणाखाली उभा होता, त्याची कागदावर केलेली वाटणी समुद्राने मानली नाही. 1740 साली संभाजी चौल, अलिबाग, थळ आणि सागरगड घेत कुलाब्यावर चालून आला आणि त्याने किल्ल्याचे पाणी तोडले.

भावाने भावाचे पाणी तोडले! बापाने राखलेल्या कोटात मानाजी तहानेने कोंडला गेला आणि त्याने एकीकडे पेशव्यांस, दुसरीकडे मुंबईच्या इंग्रजांस हाक घातली. बापाला ज्यांनी जन्मभर शत्रू म्हटले त्यांचीच जहाजे मुलाच्या मदतीला आली. पेशव्यांकडून चिमाजी आप्पा आणि तरुण नानासाहेब आले; नर्मदाकाठी रावेरखेडीस बाजीराव वारल्याची बातमी त्यांना याच मोहिमेत समजली. पुढे 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गाच्या खाडीत याच भावांपैकी तुळाजीचे आरमार जाळले, तेव्हा पेशवे त्यांचे दोस्त होते, आणि तुळाजी उरलेला जन्म पेशव्यांच्या कैदेत कुजला. 1840 साली कुलाब्याचे संस्थानही खालसा झाले. आज किल्ल्याच्या उत्तर तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. आपली मुले त्यांना आंग्र्यांच्या तोफा समजून त्यांच्याजवळ छायाचित्रे काढतात. जरा वाकून पाहिले तर त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचे नाव हाताला लागते.

याहून मोठा विषय कादंबरीकाराला कोणता हवा? आणि तरी आमच्या कादंबऱ्या कान्होजींच्या शौर्यापाशी येऊन थांबतात. पुढची सत्तावीस वर्षे 'भाऊबंदकी' या एका शब्दात गुंडाळली जातात. हा शब्द फार सोयीचा आहे. तो युद्धाला स्वभावदोष ठरवितो, जणू मराठ्यांच्या रक्तातच काही विकार होता आणि त्याला कारणे नव्हती. कारणे होती. सरंजाम, जकात, दस्तकांचे उत्पन्न, किल्ल्यांचा ताबा आणि पदाची सनद देण्याचा साताऱ्याचा अधिकार, या सर्वांनी मिळून ते घर फोडले. आणि जो लेखक या कारणांत उतरत नाही, तो सावत्र आईला कारस्थानी करतो, नाही तर एखाद्या कारभाऱ्याच्या माथी सारे पाप मारतो. पेशव्यांचा अभिमानी म्हणतो, आंग्रे उन्मत्त झाले. आंग्र्यांचा अभिमानी म्हणतो, पेशव्यांनी घर फोडले. दोघांनाही कादंबरी नको आहे, आपल्या बाजूचा निवाडा हवा आहे.

आपली परंपरा इतकी भित्री नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल' लिहिली तेव्हा विजापूरच्या पातशाहीला इमानी असलेला बाप आणि स्वराज्याकडे ओढला गेलेला मुलगा त्यांनी एकाच घरात उभे केले, आणि बापाचे इमान हास्यास्पद केले नाही. खाडिलकरांनी तर 1909 साली 'भाऊबंदकी' हेच नाव देऊन नाटक रंगभूमीवर आणले आणि तो शब्द न्यायासनासमोर खेचला. आणि आपल्या व्यासांनी धृतराष्ट्राचाच पुत्र युयुत्सु पांडवांच्या बाजूस नेऊन ठेवला; युद्ध संपल्यावर आंधळ्या बापाकडे परत जाताना त्याच्या मनात काय असेल, याचा विचार करावयास आपल्याला अजून सवड झालेली नाही. शोलोखोव्हने डॉनकाठच्या मेलेखोव्ह घराण्याची जी दशा लिहिली, ती वाचून आपण हळहळतो. चौलच्या खाडीची दशा मात्र आपल्याला दिसत नाही.

ज्यांची नावे बखरीत नाहीत त्यांचे काय? आंग्र्यांच्या गुराबींवर आणि गलबतांवर कोळी होते, भंडारी होते. दौलत वाटली गेली तेव्हा हे लोकही वाटले गेले. थळचा एखादा तांडेल कुलाब्याच्या चाकरीत आणि त्याचा मेहुणा संभाजीकडच्या सुवर्णदुर्गाच्या. सामना जुंपतो, समोरच्या शिडावर एक ठिगळ दिसते, आणि ते आपणच शिमग्याच्या सुट्टीत अंगणात बसून शिवून दिले होते हे त्याला ओळखू येते. गोलंदाज त्याच्या इशाऱ्यासाठी थांबला आहे. हा माणूस माझ्या कल्पनेतला आहे, पण अशी माणसे या किनाऱ्यावर नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोणी करावे!

काही वर्षांपूर्वी या विषयावरचे माझे हस्तलिखित एका प्रकाशकाकडून परत आले. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: संभाजी-मानाजींचे प्रकरण गाळावे, अन्यथा संबंधित घराण्याच्या संमतीचे पत्र जोडावे. मी चिडलो, आणि त्याहून वाईट म्हणजे ते प्रकरण गाळावयास बसलो. चार पाने फाडल्यावर माझ्या लक्षात आले की उरलेल्या पुस्तकात कोणीच तहानलेले नाही. घराण्यांच्या वंशजांविषयी मला आदर आहे. त्यांच्या देव्हाऱ्यात मी हात घालीत नाही. परंतु इतिहास हे कोणाचे इनाम नव्हे, आणि संमतीपत्रावर लिहिलेली कादंबरी ही कादंबरी नसून वकीलपत्र आहे, हे मी अध्यक्षपदावरून, पूर्ण जबाबदारीने सांगतो. जे प्रकाशक अशी पत्रे मागतात आणि जे लेखक ती आणून देतात, त्या दोघांचा मी या व्यासपीठावरून निषेध करतो.

फाडलेली चार पाने मी पुन्हा लिहून काढली आहेत. उद्या सकाळच्या सुकतीला, पाणी उतरून वाट मोकळी झाली की मी किल्ल्यात जाईन आणि आतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी बसून ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीन. ज्यांचा आक्षेप आहे त्यांनी अवश्य यावे. भरतीच्या आत परतावे लागेल, तेव्हा उशीर करू नये.