दोन मैदानांचा माणूस

5 सप्टेंबर 1989. न्यूयॉर्क यँकीजकडून बेसबॉल खेळताना 22 वर्षांच्या डियॉन सँडर्सने होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारला. 10 तारखेला तोच मुलगा अटलांटा फाल्कन्सकडून व्यावसायिक अमेरिकी फुटबॉलचा पहिला सामना खेळत होता. प्रतिस्पर्ध्याने लांब किक मारलेला चेंडू त्याच्या हातातून निसटला. त्याने तो उचलला, अंगावर आलेल्यांना चुकवलं आणि 68 यार्ड धावत समोरच्या टोकाची रेषा ओलांडून टचडाउन केलं. एकाच आठवड्यात दोन खेळांत असे गुण!

यात नुसती अंगातली ताकद नव्हती. बेसबॉलमध्ये हंगामात 162 सामने. फलंदाजाला दहापैकी सात वेळा अपयश आलं तरी लोक त्याला उत्तम म्हणतात. फुटबॉलमध्ये सँडर्सची जागा कॉर्नरबॅकची, म्हणजे समोरच्या झेल घेणाऱ्याच्या मागे सावलीसारखं राहायचं. तिथे एका पावलाची चूक म्हणजे समोर टचडाउन. एका खेळात चूक विसरता यावी लागते, दुसऱ्यात ती होऊच द्यायची नसते. ही दोन्ही मनं त्याने एकाच हंगामात वागवली.

11 ऑक्टोबर 1992 ला तर दुपारी मायामीत फुटबॉल खेळून तो विमानाने पिट्सबर्गला गेला आणि रात्री ब्रेव्ह्ज या आपल्या तेव्हाच्या बेसबॉल संघाबरोबर हजर राहिला. त्या रात्री त्याला खेळवलंच नाही. टीका मात्र भरपूर झाली. त्याच महिन्यात वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, पायाचं हाड मोडलेलं असताना, त्याने 15 वेळा फलंदाजी करून 8 हिट मारले. पुढे फुटबॉलचे दोन अंतिम सामने, म्हणजे सुपर बोल, जिंकले. वर्ल्ड सिरीज आणि सुपर बोल दोन्ही खेळलेला तो एकमेव माणूस आहे.

2020 मध्ये तो मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात प्रशिक्षक झाला. एरवी अशा विद्यापीठांकडे दूरचित्रवाणीचे कॅमेरे क्वचितच वळत. तिथे 2021 मध्ये रक्ताच्या गुठळ्यांमुळे त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली, तरी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही संघाने आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं. देशातला अव्वल शालेय खेळाडू ट्रॅव्हिस हंटर, फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द फिरवून, सँडर्सकडे आला. फ्लोरिडा स्टेट म्हणजे सँडर्सचं स्वतःचं विद्यापीठ!

2022 च्या अखेरीस सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रशिक्षक होऊन गेला. जॅक्सनच्या लोकांना ते लागलं, आणि त्यांचं दुःख मला रास्त वाटतं. कोलोरॅडोत पाऊल ठेवताच त्याने जुन्या मुलांना दुसरं विद्यापीठ शोधायला सांगितलं, तेही मला पटत नाही. त्या मुलांनीही त्या मैदानावर घाम गाळला होता. तो येण्याआधीच्या हंगामात 12 पैकी एकच सामना जिंकलेला तो संघ 2024 मध्ये 9 जिंकला, हे खरंच; पण निकालाने ती वागणूक धुऊन निघत नाही.

माझ्या लेखी प्रशिक्षक म्हणून त्याचं मोठेपण हंटरमध्ये दिसतं. त्याच्यापाठोपाठ कोलोरॅडोला आलेला हा मुलगा आक्रमणात झेल घेई आणि बचावात कॉर्नरबॅकही खेळे. आजच्या फुटबॉलमध्ये या दोन बाजूंचे खेळाडू वेगळे असतात. एक बाजू बाकावर दम खात असते. मुलगा थकेल, जायबंदी होईल, ही भीती खोटी नाही. दुसऱ्या कुणी त्याला एक बाजू निवडायला लावली असती. सँडर्सने लावली नाही. 2024 मध्ये हंटरने 96 झेल घेतले, त्यांतून 15 टचडाउन केली, वर बचावात प्रतिस्पर्ध्याचे चार पास हिसकावले. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान, हाइझमन ट्रॉफी, त्याला मिळाली. 2025 मध्ये जॅक्सनव्हिलच्या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं, तेही दोन्ही बाजूंना खेळवायचं ठरवून.