चिक्कीचा पाक घड्याळावर होत नाही



मागच्या संक्रांतीला आमच्या गटातल्या एका ताईंकडे मायक्रोवेव्ह आला. गॅस वाचेल म्हणून आम्ही दोन दिवस खपून त्यात चार किलो शेंगदाणा चिक्की केली. ऐकीव मिनिटं मोजली, पुड्या भरून विकल्या. दुसऱ्या दिवशी चिक्की दाताला चिकटायला लागली आणि निम्मा माल परत आला. बचतीतले पैसे बुडालेच, गिऱ्हाइकंही दुरावली.

चूक आमचीच होती. प्रत्येक मायक्रोवेव्हची ताकद वेगळी असते, तेव्हा दुसरीची मिनिटं आपल्याला चालत नाहीत.

आता आम्ही असं करतो. वाटीभर चिक्कीचा गूळ किसून चमचाभर तुपासोबत मायक्रोवेव्हला चालणाऱ्या जाड काचेच्या भांड्यात घालतो. स्टील नको, प्लास्टिकही नको. एक मिनिट तापवून ढवळतो. पुढे दर अर्ध्या मिनिटाला बाहेर काढून ढवळतो, नाहीतर गूळ मध्येच करपतो. दरवेळी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो. थेंब ताणला गेला तर पाक कच्चा, कट्‌कन मोडला तर तयार. लगेच वाटीभर भाजून सोललेले दाणे घालून तूप लावलेल्या ताटात लाटतो आणि गरम असतानाच वड्या कापतो. पाकाने हात फार भाजतो, म्हणून लेकरांना लांब ठेवा.

गार झालेल्या वड्या हवाबंद डब्यात ठेवतो. दुसऱ्या दिवशी एक वडी आपण खाऊन बघतो. ती कुरकुरीत लागली, तरच पुड्या भरतो.