ज्वरानंतरची कुशींतली कळ

भंडारा जिल्ह्यांत करोनाचा पहिला रुग्ण २७ एप्रिल २०२० रोजीं आढळला. ६ ऑगस्ट २०२१ रोजीं अखेरचा रुग्ण घरीं परतला, तेव्हां जिल्ह्याच्या नोंदवहींत शून्य लागलें. हें शून्य मोठ्या कष्टाचें होतें. परंतु वहींतून नांव कमी झालें म्हणून रक्तांतील बिघाड त्याच दिवशीं थांबतो असें नाहीं. तीव्र करोनांत रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, आणि ती ज्वर उतरल्यावरही कांहीं आठवडे राहूं शकते.

फुप्फुसांतील गुठळ्यांची चर्चा पुष्कळ झाली. मूत्रपिंडाच्या धमनींतील गुठळीची फारशी झाली नाहीं. ती विरळ आहे हें खरें. करोनांत मूत्रपिंडें बिघडतात तीं बहुधा इतर कारणांनीं. तरी ही गुठळी ओळखूं आली नाहीं तर होणारी हानि कायमची असते.

हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. रोगानें रक्तवाहिनीचें आंतील अस्तर सुजलें कीं तेथें गुठळी धरते. पुढची गोष्ट धानाच्या शेतकऱ्यास सहज उमजेल. मामा तलावाचें पाणी एका बांधींतून दुसऱ्या बांधींत उतरतें. एक वाट बुजली तर शेजारून पाणी घेतां येतें. मूत्रपिंडांत ही सोय नाहीं. प्रत्येक भागास एकच पाट; तो तुंबला कीं तेवढा भाग कांहीं तासांत मरूं लागतो.

लक्षण मोठें फसवें. कुशींत एकाएकीं कळ, मळमळ, कधीं लघवींत रक्त; सारें मुतखड्यासारखें. पाणी भरपूर पिण्याचा सल्ला मिळतो आणि मोलाचा वेळ जातो. साध्या सोनोग्राफींत खडा दिसला नाहीं कीं रुग्ण निश्चिंत होतो; वास्तविक अशा रुग्णाच्या बाबतींत खडा न सांपडणें हाच इशारा समजावा. शिरेंतून औषध देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्यें रक्त न पोंचलेला पाचरीसारखा भाग दिसूं शकतो.

यावर मुख्य उपाय हिपॅरिनसारख्या, रक्त गोठूं न देणाऱ्या औषधांचा. मात्र तें दुधारी शस्त्र आहे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचण्यांत, करोनाच्या मध्यम आजारी रुग्णांस पूर्ण मात्रेचा लाभ झाला. अतिदक्षता विभागांतील अत्यवस्थांस झाला नाहीं, व रक्तस्रावाची भीति मात्र होतीच. म्हणून मात्रा डॉक्टरांनींच ठरवावी.

लाखांदुराकडून नागपूर गांठावयाचें तर बराच वेळ मोडतो. कुशींत कळ घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या नातलगांनीं तालुक्याच्या दवाखान्यांतच, न विचारतां, एवढें सांगावें: याला करोना होऊन किती दिवस झाले.