भरती की येऊन-जाऊन उपचार?

मनाच्या आजाराचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी ठाण्याच्या नाहीतर येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढतंच, आणि तेही थट्टेने. खरं तर बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढायचा, डॉक्टरांशी बोलायचं, औषधं घेऊन घरी यायचं. मात्र नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून त्या परस्पर सोडू नका.

जिवाला धोका असेल, खाणंपिणं सुटलं असेल, भास होऊन माणूस आवरत नसेल, तर भरतीचा विचार होतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सज्ञान व्यक्ती स्वतः अर्ज करून दाखल होऊ शकते.

18 वर्षांखालच्या मुलांचं वेगळं. पालकांचा नुसता अर्ज पुरत नाही. दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासून गरज मान्य करावी लागते. मुलाची सोय मोठ्या रुग्णांपासून वेगळी हवी आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या मदतनीसाने पूर्ण काळ सोबत राहायचं. मुलीजवळ वडील राहणार असतील, तर एक स्त्री मदतनीसही हवी. ही सोबतीची अट मला कायद्यातली सर्वांत शहाणी वाटते. नोकरदार आईबापांची मात्र तिथे ओढाताण होते.

कुठे जायचं हेच कळत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.