गार पाय



परिचारिकांविषयी कुणी तरी बोलावे असे ठरले, आणि माझ्या घरी नुकताच नातू झाला म्हणून मला उभे केले आहे.

बाळ जन्मले की लगेच न्हाऊ घालायचे, ही आपल्या वळसंगची जुनी रीत. माझ्या थोरलीला तसेच न्हाऊ घातले आणि ती हिवाने निळी पडली. ती रात्र मी विसरलेली नाही. आता सांगतात, पहिला दिवसभर अंघोळ नको. कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवा, तासाभरात चिकाचे दूध पाजा.

त्याच थोरलीच्या बाळंतपणात मी सवयीने ऊन पाणी मागितले. तेथील मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत. माझा हात धरून त्यांनी बाळाच्या तळपायांना लावला. "आजी, गार लागतात ना?" अर्ध्या तासाने, लेकीच्या छातीशी असताना, पुन्हा लावला. पाय ऊन झाले होते. मग मी काय बोलणार?

पुढे ओळख झाल्यावर त्या म्हणाल्या, "भिंतीवर कागद लावून ही अंघोळ मी दोनदा बंद केली. रजेवर गेले की दोन्ही वेळा सुरू!" तेव्हा त्यांनी निराळा मार्ग धरला. नवी मुलगी आली की आठ दिवस आपल्या हाताखाली. पाळी बदलताना एकेका बाळाची चौकशी. चुकलीला चारचौघांत बोलणे नाही. आणि जिचा सर्वांत जास्त विरोध, त्या रात्रपाळीच्या जुन्या बाईलाच नव्यांना शिकवायला नेमले. (सासूच्या तोंडून सुनेचे कौतुक वदवणे सोपे!)

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात स्वच्छता व शिस्त आणली. पण तेवढ्यावर न थांबता १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढली. तेथल्या मुली इतर इस्पितळांत मुख्य झाल्या, तेव्हा ती शिस्त रुजली. आपल्या रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले. तेथील बाया ससून इस्पितळात हे शिक्षण घेऊ लागल्या, त्यांत विधवाही होत्या. लोक नावे ठेवीत. रमाबाई हटल्या नाहीत.

घरी आल्यावर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा बाळ पाहून गेल्या. त्याही आधी पायांनाच हात लावीत.

त्या सिस्टरांची आता बदली आहे. मी विचारले, "तुमच्या मागे हे राहील का हो?"

"लेकीच्या दुसऱ्या खेपेला या आणि हात लावून पाहा," म्हणाल्या.