हेलकावणारा स्वर

पेटीच्या पुढील फळीवर जे खटके असतात त्यांपैकी एखादा ओढला असता स्वर अखंड न राहता थरथरू लागतो, हे पेटी वाजवणाऱ्या बहुतेकांस ठाऊक आहे. त्या खटक्याला पेटीचे कारागीरही ट्रेमोलो असेच म्हणतात. हवेच्या वाटेवर एक हलकी झडप बसवलेली असते. भात्याच्या हवेने ती फडफडते आणि सुरांना मिळणारी हवा क्षणात अधिक, क्षणात उणी होते. स्वर आपल्या जागेवरून फारसा ढळत नाही. त्याचा जोर तेवढा कमीजास्त होत राहतो. जाणते पेटीवादक हा खटका सहसा बंदच ठेवतात आणि ते योग्यच आहे, कारण झडप किती वेगाने फडफडावी हे ठरवणे त्यांच्या हाती नसते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे पायापाशी जे ट्रेमोलोचे पेडल ठेवतात, ते हाच खेळ विजेच्या साहाय्याने करते. तेथे वेग वादकाच्या हाती आलेला असतो. मात्र तो हाती आला म्हणून साधला, असे होत नाही.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. स्वराच्या उंचीत होणाऱ्या आंदोलनाला व्हायब्रेटो म्हणावे आणि जोरातील चढउताराला ट्रेमोलो म्हणावे, हा भेद स्पष्ट आहे. मँडोलिन किंवा व्हायोलिन वाजवणारे एकच स्वर त्वरेने पुनःपुन्हा छेडण्यासही ट्रेमोलो म्हणतात, तो अर्थ निराळा. परंतु कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली, तेव्हा घोडीला जोडलेल्या ज्या दांडीने तारा सैल होऊन स्वर खाली उतरतो, त्या दांडीला त्यांनी ट्रेमोलो हे नाव दिले. उलट त्यांच्याच कंपनीच्या ट्विन रिव्हर्बसारख्या ध्वनिवर्धकांवर जेथे व्हायब्रेटो असे छापलेले असे, तेथील बटणे फिरवली असता मिळे तो ट्रेमोलो! सत्तर वर्षे लोटली तरी हा गोंधळ निस्तरलेला नाही. दुकानात जाणाऱ्याने म्हणूनच नावापेक्षा कानावर विसंबावे. स्वर बेसूर होऊन पुन्हा सुरात येत असेल तर ते यंत्र ट्रेमोलोचे नव्हे.

गिटार व ध्वनिवर्धक या दोहोंपासून वेगळे असे पहिले ध्वनिपरिणामाचे यंत्र म्हणून ज्याचा निर्देश होतो, ते डीआर्मंड यांचे ट्रेमोलोच होते. १९४० नंतरच्या दशकात ते अमेरिकेत विकले जाऊ लागले. त्याची रचना आज ऐकली तर हसू येईल इतकी घरगुती आहे. एका लहानशा डबीत वीजवाहक द्रव भरलेला असे. छोटी मोटर ती डबी हलवी. द्रव उसळून आतील टोकाला लागला की गिटारच्या विजेचा काही अंश भलत्या वाटेने निघून जाई आणि आवाज दबे. द्रव खाली बसला की आवाज पुन्हा उठे. पाण्याच्या हेलकाव्यालाच जणू तालाचे काम दिलेले होते, आणि त्यामुळे त्या आवाजाला एक मऊपणा असे. १९५५ साली बो डिडली यांची त्यांच्याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली, तीत गिटारचा आघात आणि ट्रेमोलोचे स्पंदन असे काही एकमेकांत गुंतले आहे की हात कोठे संपतो आणि यंत्र कोठे सुरू होते हे चटकन कळत नाही. १९५८ सालच्या ड्युएन एडी यांच्या ‘रेबेल राउझर’ या रचनेत जाड तारांवर वाजवलेल्या सोप्या सुरावटीला ट्रेमोलोने भारदस्तपणा आणला. त्यातील घुमारा पाण्याच्या एका मोठ्या रिकाम्या टाकीत आवाज सोडून मिळवलेला होता. पैसा थोडा आणि कल्पना पुष्कळ, असा तो काळ!

पुढे ध्वनिवर्धकांच्या पोटातच ट्रेमोलोची सोय होऊ लागली आणि तिचे निरनिराळे घाट पडले. आजची पेडले याच जुन्या घाटांची नक्कल करीत असल्यामुळे ते ओळखता येणे अगत्याचे आहे. काही ध्वनिवर्धकांत शेवटच्या व्हॉल्व्हवरील विद्युत्दाबच वरखाली केला जाई. त्याचा हेलकावा सौम्य असतो. जोराने वाजवले की तो मागे सरतो आणि हळू वाजवले की पुढे येतो. दुसऱ्या प्रकारात निऑनचा बारीकसा दिवा लुकलुकतो आणि त्याच्या समोर प्रकाशाप्रमाणे विजेला कमीजास्त अडवणारा एक घटक बसवलेला असतो. प्रकाश पडताच हा घटक तत्परतेने जागा होतो, पण अंधार झाल्यावर पूर्ववत् होण्यास थोडा वेळ घेतो. या आळसामुळे आवाजाचे दबणे व उठणे सारखे राहत नाही, आणि या प्रकाराची जी लकब पुष्कळांना आवडते ती येथूनच येते. १९६० च्या सुमारास फेंडरनेच तिसरा प्रकार केला. त्यात खर्जाकडील व वरच्या पट्टीकडील ध्वनी वेगळे करून, एक चढताना दुसरा उतरेल अशी योजना असे. आवाज थांबल्यासारखा वाटत नाही, तो जागेवरच कूस बदलतो. खर्चिक म्हणून तो लवकरच मागे पडला. आता पेडलांतून पुन्हा भेटतो.

पेडलावर सामान्यतः दोनतीन बटणे असतात. जपानच्या बॉस कंपनीचे १९९७ पासूनचे टीआर-२ हे नमुन्यादाखल घेतले तर त्यावर वेग, लहरीचा आकार आणि खोली अशी तीनच बटणे आहेत. खोली म्हणजे आवाज किती दबावा याचे प्रमाण. लहरीचा आकार एका टोकाला उतरत्या-चढत्या छपराप्रमाणे असतो, दुसऱ्या टोकाला चौकोनी. चौकोनी लहर पूर्ण खोलीने लावली तर आवाज कात्रीने कापल्याप्रमाणे तुटक येतो. नवख्या वादकाला प्रथम हाच परिणाम मोहवतो आणि आठवड्याभरात तोच नकोसाही होतो. बहुतेक गाण्यांना निम्म्याच्या आतबाहेरची खोली पुरते.

परंतु खरी कसोटी वेगाची. येथे आपल्याकडील लयीचा हिशेब जसाच्या तसा उपयोगी पडतो. मिनिटाला ९० मात्रा अशी लय असेल तर सेकंदाला दीड मात्रा झाली. ट्रेमोलो तिच्या दुगुनीत हवा तर सेकंदाला ३, तिगुनीत साडेचार आणि चौगुनीत ६ हेलकावे पाहिजेत. आता समजा, चौगुनीसाठी बटण अंदाजाने फिरवले आणि ते ६ ऐवजी सव्वासहाच्या किंचित अलीकडे, ६.२ वर राहिले. हा फरक ऐकून ओळखण्यासारखा नाही. तरी अडीच सेकंदांत तो अर्ध्या हेलकाव्याइतका साचतो, म्हणजे जेथे आवाज उठावयाचा तेथे तो नेमका दबतो. आणखी अडीच सेकंदांनी सारे पुन्हा जुळते आणि पुन्हा बिघडते. ढोलवादक बिचारा आपलीच लय ढळली अशा समजुतीने सावरू पाहतो, आणि सर्वांचेच पाऊल चुकते. विलंबित चालीत, मऊ लहरीत व बेताच्या खोलीत हे खपून जाते, किंबहुना गोडही लागते. चौकोनी लहरीत मात्र ते मुळीच खपत नाही.

इंग्लंडमधील स्मिथ्स या वाद्यवृंदाने १९८४ साली ‘हाउ सून इज नाउ’ हे गीत मुद्रित केले, त्या वेळी हीच अडचण उभी राहिली होती. गिटारवादक जॉनी मार यांनी वाजवलेला साधा भाग अनेक ट्विन रिव्हर्ब ध्वनिवर्धकांतून पुन्हा सोडण्यात आला आणि त्यांच्या ट्रेमोलोचा वेग मार व निर्माते जॉन पोर्टर हे दोघे हाताने सांभाळीत बसले. लय सुटली की फीत थांबवावयाची, मागे घ्यावयाची, पुन्हा आरंभ करावयाचा. अशा तुकड्यातुकड्यांनी ते काम पार पडले. आज ज्या पेडलांवर पायाने मात्रा ठोकून वेग देण्याची सोय असते, त्यांना हे कष्ट पडत नाहीत. दोनचार वेळा लयीत ठोकले की यंत्र तो वेग धरते आणि दुगुन, तिगुन, चौगुन यांपैकी हवे ते निवडता येते. वाद्यवृंदात वाजवणाऱ्याने या सोयीसाठी थोडे अधिक पैसे मोजावेत. घरी एकट्याने किंवा एखाद्या गायकाच्या साथीला वाजवणाऱ्याला तिच्यावाचून काही अडत नाही, कारण तेथे यंत्राचा वेग आधी ऐकून घेऊन आपणच त्याच्याबरोबर चालता येते.

खरेदीच्या वेळी पेडल आपल्याच गिटारवर, आणि शक्य तर आपल्याच ध्वनिवर्धकावर ऐकावे. एक झंकार छेडून तो संपेपर्यंत हात स्वस्थ ठेवावा आणि मग पेडल चालू व बंद करून पाहावे. ट्रेमोलो आवाजातून वेळोवेळी काही वजा करीत असल्यामुळे, चालू करताच गिटार एकंदरीने मागे गेल्यासारखी वाटते. ती उणीव भरून काढण्यासाठी आवाजाचे वेगळे बटण असेल तर उत्तम. नंतर तारांवर पंजा ठेवून, काहीच न वाजवता ऐकावे. काही यंत्रांत हेलकाव्यागणिक टिकटिक ऐकू येते. दुकानाच्या गलबल्यात ती लपते, आणि रात्री ध्वनिमुद्रणाला बसल्यावर मात्र छळते. सर्वांत मंद वेग किती, हेही पाहून ठेवावे. जलद वेग सगळ्यांकडे असतो.

पेडलांची रांग असेल तर ट्रेमोलो आवाज करकरीत करणाऱ्या पेडलाच्या पुढे, म्हणजे ध्वनिवर्धकाच्या बाजूस ठेवावा. आधी ठेवला तर करकरीचे यंत्र दबलेला आवाज पुन्हा उचलून धरते आणि हेलकावा पुसट होतो. उरतो तो केवळ करकरीतील चढउतार. घुमाऱ्याच्या बाबतीत दोन्ही पक्षांना जागा आहे. ट्विन रिव्हर्बमध्ये आवाज आधी घुमे आणि मग हेलकावे, त्यामुळे स्वर विरतानाही त्याची नाडी चालू राही. घुमारा शेवटी ठेवला तर तो हेलकाव्यांमधील पोकळी भरून काढतो.

वाजवताना हाताने थोडे करावे. यंत्र मात्रेचे तुकडे पाडीत असता उजव्या हातानेही तेच तुकडे पाडले तर सारे चिखल होऊन जाते. लांब झंकार, विरळ स्वर, हीच त्याची जागा. दोन गिटारी असतील तर ट्रेमोलो एकीलाच असावा. पेडलाला बहुधा ९ व्होल्टची वीज लागते. बहुतेकांत अॅडॉप्टरच्या टोकाचा मधला भाग ऋण असतो, पण जोडण्यापूर्वी पेडलावरील खूण पाहावी, कारण उलट जोडणीने यंत्र जळू शकते. बॅटरीवर चालवणाऱ्याने वाजवणे संपताच गिटारची वायर पेडलातून उपसून ठेवावी. ती आत राहिली तर पायाखालचे बटण बंद असूनही बॅटरी रात्रभर झिजत राहते.